‘फुकट’ डबा आणि वीस रुपयांची बाटली

पत्राचा गोषवारा: परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. धाकटा भाऊ २० वर्षांचा, पोलीस भरतीच्या तयारीत. पहाटे मैदान, दुपारी अभ्यासिका, संध्याकाळी पुन्हा मैदान. अकॅडमीतली बरीच मुलं टपरीवरची २० रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटली पितात, हाही पितो. रोज दोन. त्यात मोबाईलवर एका ‘एनर्जी पावडर’ची जाहिरात आली: ७ दिवस फुकट वापरून बघा, फक्त पोचवण्याचे ४९ रुपये. त्याने आईच्या फोनवरून ते भरले, डबा आला, आणि नवव्या दिवशी आईच्या खात्यातून १,४९९ रुपये गेले. कंपनीचा फोन लागत नाही. ताई विचारतात: याला फसवणूक म्हणायचं का, आणि पैसे परत मिळतील का? आईचं खातंच बंद करावं का? निदान बाटलीवाल्या मोठ्या कंपन्यांवर तरी भरवसा ठेवावा का, एवढे मोठे नट काहीतरी तपासूनच जाहिरात करत असतील ना? आणि उरलेली पावडर संपवली तर चालेल का, पैसे तर गेलेच आहेत.

ताई, तुमच्या प्रश्नांपैकी एकाला घाई आहे, म्हणून तो आधी. पुढचं वाचण्यापूर्वी आईचा फोन हातात घ्या. ज्या अ‍ॅपमधून ४९ रुपये भरले तेच उघडा. कोपऱ्यातल्या फोटोवर किंवा नावावर दाबा, आत ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असा शब्द सापडेल. तिथे चालू परवानग्यांची यादी असते. कंपनीचं नाव ओळखीचं नसेल तर गोंधळू नका. डब्यावर एक नाव आणि यादीत भलत्याच कुठल्या तरी ‘ट्रेडर्स’चं नाव, असं सर्रास असतं, रक्कम आणि तारीख जुळवा. ती नोंद उघडून ‘कॅन्सल’ करा. यूपीआय पिन विचारला जाईल, तो इथे द्यायचा असतो. ‘पॉज’ करू नका, ती नुसती झोपवलेली परवानगी आहे, पुन्हा उठते. रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

कंपनीचं अ‍ॅप काढून टाकणं, नंबर ब्लॉक करणं, सिम बदलणं यांतल्या कशानेही ही परवानगी जात नाही, कारण ती बँकेकडे नोंदलेली असते. कुणी हेच कार्डावरून केलं असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘ई-मँडेट’ किंवा ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ शोधावं, नाही सापडलं तर शाखेत लेखी अर्ज द्यावा. खातं बंद करण्याची गरज नाही. आईचं अनुदान, गॅसची सबसिडी त्या खात्याला जोडलेली असेल तर उगाच दुसरं दुखणं मागे लागेल.

आता झालं काय ते बघू. तुम्ही लिहिलंय, ‘भावाने ४९ रुपये भरले आणि कंपनीने न विचारता १,४९९ काढले.’ यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. त्याने एकाच पिनमध्ये दोन गोष्टी केल्या: ४९ रुपये दिले, आणि पुढे पैसे कापायची मुभा दिली. तो पडदा असा दिसतो. वर ठळक अक्षरात ४९. त्याखाली बारीक ओळीत ‘१,४९९ पर्यंत’, त्याखाली ‘दरमहा’, आणि मग वैधतेची तारीख, कधी कधी कित्येक वर्षं पुढची. बटणावर साधं ‘पे’ नसून ‘अप्रूव्ह’ किंवा ‘सेट अप ऑटोपे’ असतं. विशीतल्या मुलाचा अंगठा ४९ वाचतो आणि पुढे सरकतो. आपलाही सरकतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी पिन लागत नाही, पण कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. आईच्या मेसेजमध्ये आठव्या दिवसाच्या आसपास शोधा. सापडली तर तोही पुरावा, नाही सापडली तर तोही. आणि ‘७ दिवस’ कुठून मोजले ते बघा. बहुतेक वेळा ते ऑर्डर दिल्याच्या दिवसापासून मोजतात, डबा हातात पडल्यापासून नाही. पार्सलला पाच दिवस लागले तर चाचणीला उरतात दोन. आठव्या दिवशी सूचना, नवव्या दिवशी कपात, तुमचा हिशेब बरोबर जुळतो. ही फुकट चाचणी पेयाची नसतेच. खात्यातून पैसे सुरळीत कापले जातात का, याची ती चाचणी असते. पावडर आवडली की नाही, याच्याशी विकणाऱ्याला देणंघेणं नाही. तुम्ही रद्द करायला विसरता की नाही, एवढ्यावर त्याचा धंदा चालतो.

मग याला फसवणूक म्हणायचं का? दोन शक्यता आहेत आणि दोन्हींचा रस्ता वेगळा. वेबसाइट गायब झाली असेल, पत्ता खोटा असेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर आजच्या आज फोन करा. तिथे तासांना किंमत असते. कंपनी खरी असेल आणि अटी कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेल्या असतील, तर हा ग्राहक-तक्रारीचा मामला आहे, आणि कायदा तुमच्या बाजूला बराच झुकलेला आहे. जून २०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘फुकट’ म्हटलेल्या वस्तूवर पोचवण्याचा खर्च घेता येतो, पण पॅकिंग-हाताळणीच्या नावाखाली पैसे लावता येत नाहीत. नोव्हेंबर २०२३मध्ये ‘डार्क पॅटर्न’विरुद्धची, म्हणजे ग्राहकाला गंडवायला रचलेल्या पडद्यांविरुद्धची तत्त्वं आली. त्यांत १३ प्रकार दिलेत आणि त्यांतला एक आहे ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’. फुकट सेवेसाठी पैसे भरण्याचे तपशील किंवा ऑटो-डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणं, हे त्याच्या व्याख्येतच बसतं. तक्रारीत हा शब्द असाच लिहा.

तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. जवळ ठेवायच्या गोष्टी: जाहिरातीचा स्क्रीनशॉट (भावाच्या फोनवर ती पुन्हा दिसेलच, एकदा दाबलेली जाहिरात पाठ सोडत नाही), ४९ आणि १,४९९ या दोन्ही व्यवहारांचे यूटीआर क्रमांक (अ‍ॅपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात दिसणारा ओळख-क्रमांक), परवानगी रद्द केल्याचा स्क्रीनशॉट, डब्याचा सगळ्या बाजूंनी फोटो. कंपनीला एक ईमेलही टाका: सदस्यत्व रद्द करत आहे, रक्कम परत करा. परवानगी रद्द झाली तरी त्यांच्या वहीत तुमचं सदस्यत्व चालूच असतं, आणि महिन्याने ‘पैसे देऊन घ्या’ म्हणत पार्सलवाला दारात उभा राहतो. तसं झालं तर पार्सल घेऊच नका, परत पाठवा. बँकेतही लेखी तक्रार द्या, पण तिथून फार आशा धरू नका. पिन तुमच्या घरातूनच टाकला गेला, म्हणजे व्यवहार ‘अधिकृत’, असं उत्तर येण्याची शक्यता दाट आहे. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण १,४९९साठी तिथवर जायचं का, ते तुमच्या वेळेवर ठरवा. बऱ्याचदा १९१५ची तक्रार पोचल्यावरच कंपनीचा न लागणारा फोन लागायला लागतो.

एक सांभाळा. ‘अमुक कंपनी कस्टमर केअर’ असं गूगलवर शोधून मिळालेल्या नंबरला फोन करू नका. ४९ रुपयांच्या नादात १,४९९ गेले, रिफंडच्या नादात खातं रिकामं होतं. पैसे परत येताना पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, स्क्रीन शेअर करावी लागत नाही.

आता मोठ्या कंपन्या आणि नट. तुमचं गृहीतक असं दिसतं की जाहिरात जितकी मोठी तितकी तपासणी कडक. कायद्याने प्रसिद्ध व्यक्तीला दाव्याची खातरजमा करावी लागते हे खरं आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे. पण जाहिरात पुन्हा एकदा आवाज बंद करून बघा. नट घोट घेतो, वीज चमकते, तो इमारतीवरून उडी मारतो. यात दावा कुठे आहे? खातरजमा करायला एखादं विधान लागतं. उडी हे विधान नाही. जिथे विधान करायला जातात तिथे कधी कधी महागात पडतं. अमेरिकेत २०१४ साली ‘रेड बुल’ने ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात १ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली, चूक मान्य न करता. ‘पंख फुटले नाहीत’ एवढ्यावर तो दावा उभा नव्हता, थट्टेत तसं सांगितलं जातं खरं. ते पेय कॉफीपेक्षा जास्त काही करतं असा भास दिला, आणि आत मुख्य कामगार कॅफीनच, ही तक्रारदारांची तक्रार होती.

म्हणून भरवसा जाहिरातीवर नको आणि अविश्वास बाटलीवर नको. बाटलीच्या मागच्या बारीक अक्षरांवर मात्र बऱ्यापैकी विसंबता येतं, कारण तिथे एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम लागू होतो: कॅफीनयुक्त पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन. म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५. लहान मुलांनी, गरोदर आणि स्तनदा स्त्रियांनी, कॅफीन न सोसणाऱ्यांनी घेऊ नये आणि दिवसाला ५०० मिलीच्या वर जाऊ नये, असा इशाराही तिथेच असतो. एक खोच आहे: साखर आणि कॅफीन ‘१०० मिलीमागे’ छापतात. अडीचने गुणा. समजा साखर ११ ग्रॅम लिहिलीय, तर बाटलीत २७.५ ग्रॅम, साडेपाच चमचे. चहात कुणी साडेपाच चमचे घातले तर आपण त्याच्याकडे बघत राहू.

या हिशेबाने तुमचा भाऊ कुठे बसतो? दोन बाटल्या म्हणजे १५० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन, वर तीन-चार कप चहाचं शंभर-सव्वाशे. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५मध्ये म्हटलंय. तो त्याच्या आत आहे. तेव्हा ‘विष पितोयस’ म्हणून त्याच्यावर ओरडू नका. ते खरं नाही हे त्याला कळतं आणि मग तुमचं खरं असलेलंही तो ऐकत नाही. १५ वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी. त्या वयाला किलोमागे ३ मिलिग्रॅम ही मर्यादा धरतात. ४० किलोच्या मुलाची ती १२० होते, म्हणजे दोन बाटल्यांत ओलांडलीच. पोलंडने तर १ जानेवारी २०२४ पासून १८ वर्षांखालच्यांना ही पेयं विकणंच बंद केलंय.

पण त्याला ती बाटली हवीय धावण्यासाठी, आणि तिथे हिशेब फसतो. कॅफीनने धावण्यात फरक पडतो, हे खोटं नाही. खेळाडूंवरच्या अभ्यासांत वजनाच्या किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम, साधारण तासभर आधी, असं प्रमाण येतं. भाऊ ६० किलोचा धरला तर किमान १८०. म्हणजे अडीच बाटल्या, ६०० मिलीच्या वर गॅस भरलेलं गोड पाणी पोटात घेऊन भरतीची १६०० मीटरची धाव! दुसऱ्या फेरीला बरगडीखाली कळ येईल, ढेकरा येतील ते वेगळंच. एका बाटलीत मिळतं किलोमागे सव्वा मिलिग्रॅम. त्याने हुशारी वाटते, घड्याळ फारसं हलत नाही. दोन ग्रॅम इन्स्टंट कॉफीत साधारण ६० मिलिग्रॅम असतं, ते दोन-चार रुपयांत होतं. साखरेचं म्हणाल तर सहा-सात मिनिटांच्या धावेला स्नायूंत आणि यकृतात साठलेलं इंधन पुरून उरतं. आदल्या रात्रीची भाकरी, वरण, भात, तासभर आधी एक केळं, एवढं बस.

‘एनर्जी’ या शब्दानेच घोळ घातलाय. मराठीत आपण त्याचा अर्थ ताकद घेतो. कॅफीन ताकद देत नाही. दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, ते ‘आता दमलास’ असा निरोप देतं. कॅफीन त्या निरोपाची जागा अडवून बसतं. निरोप पोचत नाही, दमणूक तशीच राहते. आणि हे अर्धं उतरायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळच्या मैदानानंतर सातला प्यायलेल्या बाटलीतलं निम्मं रात्री बाराला अंगात असतं. तो पडतो, झोप उथळ लागते, पहाटे साडेचारला पाय जड असतात, म्हणून सकाळची बाटली. स्नायू भरून येतात ते झोपेत, आणि झोपच खर्चात पडलेली. एकच बाटली तोडायची असेल तर संध्याकाळची तोडा. दुपारी दोननंतर नाही, असा नियम केला तरी अर्धं काम झालं.

एकदम बंद करायला लावू नका. रोजची सवय तुटली की १२ ते २४ तासांत डोकं ठणकायला लागतं, चिडचिड होते, आणि मुलाची खात्री पटते की ‘बघ, हिच्याशिवाय जमत नाही’. आठवडाभर अर्धी-अर्धी बाटली कमी करत न्या.

मग त्याला चाचणीच हवी होती ना, ती करू द्या. आठवडाभर बाटली पूर्ण सुटल्यावर स्टॉपवॉच आणि वही घेऊन सहा धावा: तीन वेळा बाटली पिऊन, तीन वेळा न पिता, एक दिवस आड. तेच मैदान, तीच वेळ, तेच बूट, आदल्या रात्रीची झोप वहीत लिहिलेली. सुटण्याआधीच मोजमाप केलं तर ‘न पिता’चे दिवस डोकेदुखीमुळे खराब येतील आणि बाटली उगाच जिंकेल, म्हणून तो आठवडा महत्त्वाचा. तीन-तीन वेळांची सरासरी त्यालाच काढू द्या. दोन-चार सेकंदांच्या फरकाला काही अर्थ नाही, तेवढा वाऱ्यानेही पडतो. मोठा फरक पडला तर? पडू दे, मग निदान माहितीवर बोलणं होईल.

हे मात्र चाचणीत बसत नाही: धावताना छातीत दुखणं, धडधड थांबतच नाही, भोवळ, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं. यांतलं काही असेल तर बाटली त्याच दिवशी बंद आणि मैदानावर परत जाण्याआधी डॉक्टरकडून ईसीजी. उन्हात घाम गाळल्यावरही हे पेय पाण्याच्या जागी नको. मीठ-साखरेचं लिंबू सरबत बरं, ताक बरं. आणि खरंच उलट्या-जुलाब झाले तर औषधाच्या दुकानातली ओआरएसची २०.५ ग्रॅमची पुडी, १ लिटर पाण्यात अख्खी. गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ लावण्यावर एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५मध्ये बंदी आणली, त्याआधी कित्येक घरांत तापलेल्या पोराला तेच खोकं पाजलं जायचं.

राहिली उरलेली पावडर. नको. बाटलीबद्दल मी इतकं शांतपणे लिहिलं कारण तिच्यात काय आहे ते कळतं. डब्याचं तसं नाही. मागची बाजू वाचा. ‘एनर्जी ब्लेंड ५०० मिग्रॅ’ असं एकत्र लिहून आत दहा नावं असतील आणि कॅफीनचा वेगळा आकडा नसेल, तर डोस कळायला मार्ग नाही. ‘ग्वाराना’ असेल तर तेही कॅफीनच, त्याच्या बियांत कॉफीच्या बियांपेक्षा जास्त असतं. बी-जीवनसत्त्वं ‘३०० टक्के’ लिहिली असतील तर बरीचशी लघवीवाटे पिवळी होऊन जातात. आणि ‘पुरुषांसाठी ताकद’ असल्या भाषेच्या पुड्यांत लेबलवर न लिहिलेलं सिल्डेनाफिल (‘व्हायग्रा’तलं औषध) सापडल्याचे इशारे अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने वारंवार दिलेत. ते हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर गेलं तर रक्तदाब धोकादायक उतरतो. घरात वडील किंवा आजोबा अशा गोळ्यांवर असतील तर हा डबा त्यांच्या हाती लागू देऊ नका.

डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक असेल. तो बघून पुष्कळांचं समाधान होतं. तो व्यवसायाचा परवाना आहे, त्या डब्यातली पावडर कुणी तपासली असा त्याचा अर्थ नाही. एफएसएसएआयच्या ‘फॉसकॉस’ संकेतस्थळावर तो टाकला की परवाना कुणाचा, कुठला, कशासाठी आणि चालू आहे का, हे दिसतं. नाव-पत्ता डब्याशी जुळला नाही तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला १८००-२२२-३६५ वर कळवा. उघडलेला डबा फेकू नका, झाकण घट्ट लावून बाजूला ठेवा. बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख त्यावरूनच सांगावी लागते.

आणि आईच्या फोनमधल्या त्या यादीत आणखी दोन-तीन नावं निघाली तर दचकू नका. रिचार्जचं, मालिकांच्या अ‍ॅपचं, कुठल्याशा ज्योतिषाचं निघतं बहुधा. आईला समोर बसवून एकेक विचारा, आणि तिला आठवणार नाही ते रद्द करा.